डब्याच्या आतील अस्तर

अन्न धातूच्या पात्रात ठेवावयाचे, परंतु त्यास त्या धातूचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, हा पेच आपल्याकडील कल्हईवाला नवसागराच्या धुरात कथलाचा थर देऊन पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आला. आणि १८१० साली पीटर ड्युरँडने इंग्लंडच्या राजाकडून पत्र्याच्या डब्याची सनद मिळविली, तेव्हा त्याचीही भिस्त लोखंडावर चढविलेल्या त्याच कथलावर होती. ती सनद विकत घेऊन डॉन्किन आणि हॉल यांनी १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना थाटला व ब्रिटिश आरमारास डबाबंद मांसाचा पुरवठा सुरू झाला. डबा उघडण्यास मात्र छिन्नी-हातोडाच लागे. तो उघडण्याचे हत्यार निघावयास पुढे जवळजवळ चार तपे जावी लागली, यावरून कल्पकतेचाही क्रम कसा उफराटा असतो ते दिसते.

खरी मेख सांध्यात होती. सांधे शिशाच्या डाकाने जोडीत, आणि १८४५ च्या उत्तर ध्रुवप्रदेशातील फ्रँकलिन मोहिमेतील खलाशांच्या हिमात गोठलेल्या प्रेतांत पुढे शिसे आढळले. ते डब्यांतूनच आले काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. डाकाची अपकीर्ती मात्र कायम झाली. विसाव्या शतकात दुमडीच्या व वेल्डिंगच्या सांध्यांनी त्यास हळूहळू रजा दिली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या अमलाखाली जाताच दोस्तराष्ट्रांना कथील दुर्मिळ झाले आणि विजेच्या साहाय्याने त्याचा अत्यंत पातळ थर देण्याच्या रीतीस जोर चढला. आतून एपॉक्सी लॅकर फासण्याचा शिरस्ता पडला खरा, पण त्यातील बिस्फेनॉल-ए अन्नात उतरते असे आढळल्यावर फ्रान्सने २०१५ पासून अन्नाच्या वेष्टनांत त्यास मज्जाव केला.

तत्पूर्वीच, १९९० च्या सुमारास, जपानच्या तोयो सेइकान कंपनीने निराळा मार्ग धरला होता. क्रोमियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा पॉलिएस्टर वितळण्याच्या बेतास येईल इतका तापवावयाचा, त्याच्या दोन्ही अंगांस मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढा जाड पॉलिएस्टरचा पापुद्रा रुळांखाली दाबावयाचा आणि लागलीच थंड करावयाचा. पापुद्र्याची धातूकडील बाजू तेवढी वितळून चिकटावी व बाहेरील अबाधित राहावी, यातच कारागिरी आहे. निवण्यास विलंब झाला तर वितळलेला भाग स्फटिकरूप होऊन ठिसूळ बनतो आणि पत्रा ओढताना तडकतो. साध्या पत्र्याचा डबा ओढावयाचा तर तेलपाणी हवे, मग धुणे आले, आतून लॅकर फवारून भट्टीत भाजणे आले. येथे पापुद्राच वंगणाचे काम करीत असल्याने तो सारा खटाटोप आणि त्यामागून येणारे गढूळ सांडपाणी टळले. भांडे घडण्याच्या आधीच त्याचे अस्तर तयार, असा हा प्रकार आहे.

हॉलंडमधील आयमाउडन येथील पोलादाचा कारखाना २००७ साली मुंबईच्या टाटांकडे आला. तेथे निघणारा ‘प्रोटॅक्ट’ नावाचा पत्रा याच जातीचा. तथापि या पत्र्यांस क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या द्रावणातील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक असते; ते पत्र्यावर राहत नसले तरी कामगाराच्या उशाशी असतेच, आणि म्हणून त्याच कारखान्याने त्रिसंयुजी क्रोमियमची रीत अवलंबिली आहे.