उकिरड्यातला अग्नी

कोल्हापूरच्या श्रोत्यांना टाकाऊ वस्तूतून ऊर्जा कशी निघते हे सांगावयास उभे राहणे थोडे धाडसाचेच आहे. ज्याने एकदा तरी गुऱ्हाळावर जाऊन रस प्याला आहे, त्याने ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. घाण्यातून रस निघतो, चिपाडे उरतात, आणि त्या चिपाडांवरच काहिलीखालचे चुलवाण पेटते. उसाचाच जाळ उसाच्या रसाला आटवितो. पण गुऱ्हाळवाला एक खबरदारी घेतो, ती आपण सहसा ध्यानात घेत नाही. घाण्यातून निघालेले ओले चिपाड तो तसेच चुलवाणात घालीत नाही. आधी ते पटांगणात पसरून उन्हात वाळवितो. ओल्या चिपाडाचा धूर होतो, जाळ होत नाही. हे साधे वाक्य आपण मनाशी धरून ठेवू या; कारण घरातल्या कचऱ्याचा युरोपातील इतिहास आणि आपल्याकडील इतिहास या दोहोंची किल्ली त्यात आहे.

युरोपात कचरा जाळण्याची कल्पना निघाली ती ऊर्जेच्या लोभाने निघाली नाही, रोगाच्या धास्तीने निघाली. कारखाने वाढले, गावांची शहरे झाली, आणि घरोघरचा केर टाकावा कोठे हा प्रश्न नगरपालिकांपुढे आला. १८७४ साली इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे आल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्याप्रमाणे एक भट्टी उभी राहिली. तिला नाव मिळाले ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे नाश करणारी. कचरा नाहीसा व्हावा, एवढीच तिच्याकडून मुख्य अपेक्षा होती. पुढे १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि आठ हजारांवर माणसे दगावली. आसपासचे शेतकरी एरवी शहराचा कचरा शेतात खत म्हणून घेत असत. त्यांनी आता तो घेण्याचे साफ नाकारले. तेव्हा इंग्लंडातील भट्ट्या पाहून हॅम्बुर्गने बुलरडाइश येथे आपली भट्टी बांधली, आणि जर्मनीत कचरा जाळण्याचा ओनामा झाला.

भट्टी आली की उष्णता आली, आणि उष्णता वाया जाते हे इंजिनिअरच्या डोळ्याला खुपल्याशिवाय राहत नाही. लंडनच्या पूर्व भागातील शोअरडिच या गरीब वस्तीच्या विभागाने १८९७ साली कचऱ्याची भट्टी आणि वीजघर एकाच आवारात बांधले. त्याचे उद्घाटन प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी केले. ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य त्या इमारतीवर कोरलेले होते. हे शक्य का झाले? लंडनच्या घराघरांत थंडीसाठी दगडी कोळसा जळत असे, आणि केराच्या डब्यात अर्धवट जळालेल्या कोळशाचे खडे भरपूर येत. म्हणजे लंडनचा केर हे वाळलेले चिपाडच होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १९०३ साली, डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग या नगराने आणखी एक पाऊल टाकले. कोपनहेगनने चोहोकडून वेढलेल्या त्या गावाला कचरा पुरावयास जमीनच उरली नव्हती. त्याने भट्टी बांधली व तिची ऊब नळांतून जवळच्या इस्पितळाला पोहोचविली. थंड देशात उष्णतेला वर्षातले कितीतरी महिने गिऱ्हाईक असते. डेन्मार्क, स्वीडन इत्यादी देशांत शहराच्या शहरे अशा नळांनी उबविण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचे बीज येथे आहे.

आता आपण घराकडे वळू. शोअरडिचची भट्टी पेटली ते १८९७ साल मुंबईत प्लेगच्या थैमानाचे होते. त्याच साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात एक निराळाच प्रयोग झाला. महापालिकेचे आयुक्त ॲकवर्थ यांच्या खटपटीने १८९० साली ही संस्था निघाली होती. तेथील रुग्णांचा मैला बंद टाकीत साठवून, त्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यात आले. पुढे १९०७ साली त्या वायूवर इंजिनही चालविण्यात आले. शोअरडिचला कोरडा केर जाळला गेला. माटुंग्याला ओली घाण कुजविली गेली. हवा न लागता ओला पदार्थ कुजला की सूक्ष्म जंतू त्यातून मिथेन हा जळाऊ वायू मोकळा करतात. म्हणजे कचऱ्यातील ऊर्जेकडे जाणाऱ्या दोन वाटा एकाच साली दोन ठिकाणी दिसतात. आणि त्यातली दुसरी, आपल्या हवेला व आपल्या स्वयंपाकघराला मानवणारी वाट, समाजाने वाळीत टाकलेल्या माणसांच्या वस्तीत उजेडात यावी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

युरोपची वाट पुढे राजमार्ग झाली, पण तिला काटेही लागले. १९७७ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांना कचऱ्याच्या भट्ट्यांच्या राखेत व धुरात डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये आढळली. लोक खवळले, कायदे कडक झाले, आणि धूर गाळणारी यंत्रे भट्टीइतकीच महत्त्वाची ठरली. १९९९ साली युरोपीय संघाने कचरा जमिनीत पुरण्यावर मर्यादा घातल्या. जर्मनीने २००५ पासून, प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरणे बंद केले. मग भट्ट्यांची संख्या वाढली. व्हिएन्नातील श्पिटेलाऊची भट्टी हुंडर्टवासर या चित्रकाराने रंगविली, तर कोपनहेगनच्या नव्या भट्टीच्या छपरावर बर्फावरून घसरण्याचा खेळ चालू झाला. परंतु एकदा बांधलेली भट्टी रोज खावयास मागते. गावचा कचरा कमी पडला तर तो परदेशातून आणावा लागतो. म्हणूनच २०२० साली खुद्द डेन्मार्कने आपली जाळण्याची क्षमता कमी करण्याचे ठरविले.

ही भट्टी आपणही आणून पाहिली आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्राने मोठा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळावा आणि पावणेचार मेगावॉट वीज मिळवावी, असा हिशेब होता. हिशेब कागदावरच राहिला. थोड्याच काळात प्रकल्प बंद पडला. दिल्लीच्या केरात भाजीची देठे, फळांच्या साली, माती आणि पाणी. जळण्याजोगे कागद-पुठ्ठे आधीच कोणीतरी वेचून नेलेले. ओले चिपाड चुलवाणात घातले, मग दुसरे काय होणार? गुऱ्हाळवाल्याला विचारले असते तर त्याने हे फुकट सांगितले असते.

आपली वाट मात्र मधल्या काळात अगदीच ओस पडली नव्हती. १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले, १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपाचे गोबर गॅस यंत्र बनविले, आणि १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. यापुढचा दुवा आपल्याला अधिक जवळचा आहे. फोंडा घाट उतरला की कणकवली येते. तेथील गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत आणि गोबर गॅस यांचे प्रयोग केले. हे तेच अप्पा, ज्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपणास भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि ज्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. अप्पांपुढचा प्रश्न निव्वळ वायूचा नव्हता. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाचे ओझे उतरावे, ही त्यांची तळमळ होती. हाच धागा देहूचे डॉक्टर मापुसकर यांनी पुढे नेला. शौचालयालाच वायूची टाकी जोडून त्यांनी मैला हाताळण्याचे कामच नाहीसे केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मग स्वयंपाकघराची पाळी आली. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधा विचार मांडला. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा. त्यातले सत्त्व तिने आधीच घेतलेले असते. त्याऐवजी शिळा भात, पीठ, खरकटे टाकीत घातले तर थोड्या मालात व थोड्या दिवसांत पुष्कळ वायू मिळेल. त्यांच्या संस्थेने या तत्त्वावर घराच्या गच्चीत मावणारे यंत्र तयार केले आणि २००६ साली त्याला लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ या नावाने याच जातीची मोठी यंत्रे तयार केली.

तथापि या टाकीची एक अट आहे, आणि ती कडक आहे. तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी, काच, वाळू गेली की तिचे पोट बिघडते. भट्टीला सुके हवे, टाकीला ओले हवे. मिसळलेला कचरा दोघांनाही नको. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करावयास सांगितले, ते याचसाठी. जेथे आपण हे करीत नाही, तेथे आपल्यासाठी दुसरे कोणी तरी करते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत निघाली, तेव्हा कोठे समाजाला कळले की कुजलेल्या ढिगात हात घालून कागद आणि पत्रा वेचणाऱ्या या बाया शहराचा पैसा वाचवीत होत्या. उद्या एखादी भट्टी सगळा सुका कचरा गिळू लागली, तर पहिला घास त्यांच्या तोंडचा जाईल. यंत्राचा हिशेब मांडताना ही बाजू वहीत लिहिली पाहिजे.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. कसबा बावड्याच्या बाजूस साचलेला कचऱ्याचा डोंगर या शहराने बारा वर्षांहून कितीतरी अधिक काळ पाहिला आहे. उकिरड्याचे पांग काळाने फिटत नाहीत, माणसाच्या हाताने फिटतात. आणि कोल्हापूरला हे जमणार नाही असे मानावयास आम्ही तयार नाही. गणेशोत्सवात पंचगंगेच्या काठी निर्माल्य नदीत न टाकता वेगळे द्यावे, अशी हाक कार्यकर्त्यांनी दिली तेव्हा याच शहरातील हजारो घरांनी ती ऐकली. देवाच्या पायावरची फुले वेगळी ठेवणारा हात ताटातले खरकटेही वेगळे ठेवू शकतो. शोअरडिचने आपल्या वीजघरावर कोरले ते ब्रीद आपल्याला दगडावर कोरावयाचे कारण नाही. आपल्या मोरीजवळ दोन डबे ठेवले, आणि कोणता कशासाठी हे घरातल्या पोरालाही ठाऊक असले, म्हणजे पुरे.