रोगणाची विद्या

बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना हक्काची जागा आणि हक्काचे बलुते होते. रंग देणाऱ्याला मात्र त्या यादीत जागा नव्हती. खेड्यातील भिंती गेरू, चुना आणि शेण यांनी घरच्या बायकाच सारवून-रंगवून काढीत, आणि लाकडाला टिकाऊ रंग व चकाकी देण्याचे कसब ज्यांच्यापाशी होते ती घराणी संस्थानिकांच्या आश्रयाने किंवा देवस्थानांच्या आसपास वस्ती करून राहत. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे काम आजही पाहावयास मिळते. खरादावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर अंगासरशी पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घासली की तिला झळाळी येते. कांडीवर दाब किती द्यावा आणि ती नेमकी कोणत्या क्षणी उचलावी, हे कोणी शब्दांत सांगत नसे. मुलगा बापाच्या हाताकडे पाहत मोठा होई, आणि वस्तू बनविणारा व तिला रंग चढविणारा हे बहुधा एकाच छपराखाली नांदत असल्यामुळे, रंग कोणी तयार करावा आणि तो कोणी लावावा असा भेद या विद्येत फारसा उत्पन्नच झाला नव्हता.

हा भेद कारखान्याने उत्पन्न केला. 1902 मध्ये हावड्यास शालिमारचा कारखाना निघाला, 1920 मध्ये मुंबईत लोअर परळला गॅहागन कंपनीचा निघाला (तोच पुढे गुडलास वॉल आणि 1957 नंतर गुडलास नेरोलॅक या नावाने प्रसिद्धीस आला), आणि आगबोटी, पूल, रेल्वे व गिरण्या यांच्या गरजेपुरता रंग या देशात बनू लागला. त्या काळच्या रोगणाचा प्राण जवसाचे तेल हा होता. ते मोठ्या कढईत तापवीत, त्यात राळ विरघळवीत, आणि शिसे, मँगनीज किंवा कोबाल्ट यांचे क्षार घालून त्याचा वाळण्याचा वेग वाढवीत. तेल कोठवर शिजले हे ठरविण्यासाठी कढईवरचा जाणता मनुष्य काडीने थेंब काढून काचेवर निववी आणि दोन बोटांत धरून त्याची तार ओढून पाही; साखरेच्या पाकाची परीक्षा स्वयंपाकघरात होते तशीच ही परीक्षा, परंतु येथे क्षणभर चुकले तर कढईभर माल थिजून जाई, किंवा वाफेने पेट घेऊन छप्परही जाई. हा उस्ताद कारखान्यात अपरिहार्य होता, आणि त्याचे अपरिहार्य असणे हाच कारखान्याचा कमकुवतपणा होता. कारण उस्ताद आजारी पडला, रुसला किंवा निवर्तला म्हणजे त्याच्याबरोबर कसबही जाई, आणि तेलाचा किंवा राळेचा नवा माल निराळ्या गुणाचा निघाला तर जुना अनुभव उपयोगी पडत नसे.

अनुभवाला शास्त्राची जोड देण्याचा विचार आपल्याकडे प्रथम कापडाच्या रंगाईच्या मार्गाने आला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1890 मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे आली. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा तो डाग दगडास इजा न करता काढून देणारे रसायनज्ञ ते हेच. आमच्या इतिहासात डांबर फासणाऱ्यांचे नाव अजरामर झाले आणि डाग काढणाऱ्याचे मागे पडले, यात नवल नाही. परंतु गज्जरांचे खरे मोठेपण त्या डागात नाही. सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला आणि रंगाई हे विषय एकाच संस्थेत, हाताच्या कामासह आणि देशी भाषेत शिकविले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी गुजरातीत पाठ्यपुस्तके व पारिभाषिक कोश यांचा मोठा उपक्रम हाती घेतला. रंगाऱ्याच्या मुलाला रसायनशास्त्र कळू शकते, फक्त ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावे लागते, ही त्यांची श्रद्धा होती.

तेलरंगाच्या शास्त्राचा उगम मात्र निराळ्याच कारणाने आणि सातासमुद्रापलीकडे झाला. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या शेतीप्रधान राज्यात शेतकऱ्यांच्या गळ्यात निकृष्ट, भेसळीचा रंग मारला जातो अशी ओरड झाली, आणि फार्गो येथील शेतकी महाविद्यालयातील रसायनज्ञ एडविन लॅड यांनी 1905-06 च्या सुमारास डब्यातील जिन्नस काय आहेत हे डब्यावर लिहिण्याची सक्ती करणाऱ्या कायद्यासाठी चळवळ करून रंगरसायनाचे अध्यापनही सुरू केले. महाविद्यालयाच्या आवारात लाकडी कुंपणे उभारून त्यांवर निरनिराळे रंग चढविले, आणि थंडी, ऊन व वारा यांत कोणता रंग किती वर्षे टिकतो याच्या नोंदी ठेवल्या. या विद्येचे आद्य परीक्षक याप्रमाणे ऊन आणि हिम हे होते. इंग्लंडात 1918 मध्ये तेल-रंग रसायनज्ञांची संघटना स्थापन झाली, आणि रोगण बनविणे हा प्रतिष्ठित, परीक्षा देऊन मिळविण्याजोगा पेशा ठरला.

हिंदुस्थानात ही विद्या विद्यापीठाच्या दारी पोहोचली ती दोन महायुद्धांच्या दरम्यान. कानपूरला 1921 मध्ये निघालेल्या सरकारी तंत्रसंस्थेत (पुढील हारकोर्ट बटलर संस्थेत) तेल व रंग या विषयांना स्थान मिळाले. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक शिक्षणाची चौकशी झाली. परंतु मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग प्रत्यक्ष उघडावयास 1933 चा ऑक्टोबर उजाडला. मुंबईची गरज गिरण्यांची असल्यामुळे आरंभी वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी हेच विषय होते. 1938 मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन संचालक झाले, 1943 मध्ये विभाग माटुंग्यास स्वतःच्या जागेत गेला, आणि चाळिशीच्या त्या दशकात रंगद्रव्ये, रंग व रोगण यांची स्वतंत्र शाखा तेथे रुजली. नागपूरची कथा आणखी हृद्य आहे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली लक्षावधी रुपयांची मिळकत मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास दिली, आणि त्यातून 1942 मध्ये त्यांच्या नावाची तंत्रसंस्था उभी राहिली. भोवतालच्या वऱ्हाड-मध्यप्रांतात जवस मुबलक पिकत असता त्या तेलाचे शास्त्र शिकावयास दूर जावे लागावे, ही विसंगती त्या दानाने दूर केली.

1942 हेच साल रंगधंद्यालाही वळण देणारे ठरले. युद्धामुळे परदेशी रंगांची आयात थांबली, आणि गिरगावात गायवाडीतील एका गॅरेजमध्ये चार तरुणांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. बाजार मोकळा होता, मागणी होती. उणीव होती ती जाणत्या माणसांची. त्यातच रसायनाचा पायाही बदलत होता. अमेरिकेत किएनल यांनी विसाच्या दशकात अल्किड राळेचे शास्त्र मांडल्यामुळे नुसत्या तेलाचे युग ओसरू लागले, आणि शिशाच्या विषारी सफेद्याच्या जागी टिटॅनियमची शुभ्र भुकटी येऊ लागली, जिच्या उत्पादनासाठी 1946 मध्ये त्रावणकोरात कंपनी स्थापन झाली. बोटांत तार ओढणाऱ्या उस्तादाला या नव्या पदार्थांची ओळख नव्हती, पदवीधराला होती.

त्या पदवीधराच्या तालमीचे मर्म डोळ्याने व बोटाने कळणाऱ्या गोष्टी आकड्यांत आणणे हे होते. रंग घट्ट की पातळ हे फोर्ड कपातून तो किती सेकंदांत गळतो यावरून ठरे. दळण बारीक झाले की नाही हे पाहण्यासाठी पोलादी पट्टीवरील उतरत्या खाचेत, म्हणजे हेगमन गेजमध्ये, थेंब टाकून पात्याने ओढीत, आणि ज्या ठिकाणी कण दिसू लागत तेथील आकडा टिपून घेत. समुद्रकाठचा गंज प्रयोगशाळेत आणण्यासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा पत्र्यावर शेकडो तास चालवीत. छटा जुळविणारा उमेदवार उत्तरेच्या प्रकाशात नमुना धरून बसे, आणि त्यापूर्वी इशिहाराच्या ठिपकेदार पानांवरून त्याला रंगांधत्व नाही याची खात्री करून घेत. पुढे ही छटाही वर्णपटमापक व संगणक यांच्या हिशेबात गेली. तरी दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे का दिसतात, हे ज्याला समजले नाही त्याच्या हाती यंत्र देऊनही उपयोग नसतो.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे, परंतु ती अर्धीच आहे. कारण रंग कारखान्यात अर्धाच तयार होतो. डब्यातील पदार्थ द्रव असतो. त्याचा थर होतो तो भिंतीवर किंवा पत्र्यावर, आणि तो घडविणारा मनुष्य पदवीधर नसतो. ओल्या गिलाव्यावर रंग चढविला, गंज पुरता खरवडला नाही, घाईने दुसरा हात दिला, तर उत्तमातील उत्तम रोगण पापुद्र्यांनी सुटते. या माणसाची आठवण शासनसंस्थेला प्रथम झाली ती त्याच्या कौशल्यापायी नव्हे, त्याच्या विषबाधेपायी: 1921 च्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घरांच्या आतील कामात शिशाचा सफेदा वापरण्यास बंदी घालणारा करार केला आणि रंगाऱ्यांना आरोग्याची खबरदारी समजावून द्यावी असेही त्यात घातले. आपल्याकडे 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सामान्य रंगारी हा व्यवसाय शिकविला जाऊ लागला, आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. परंतु घरे रंगविणारा बहुसंख्य वर्ग कारखान्यात नव्हताच. तो मुकादमाच्या हाताखाली, रोजंदारीवर, नाक्यावर उभा होता, आणि तेथे उमेदवारीची मुदत नव्हती, परीक्षा नव्हती व सनदही नव्हती. घरगुती रंगातील शिशाला दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घालणारा नियम 2017 मध्ये अमलात आला, तोवर जुना रंग कोरडाच घासताना उडणारी धूळ त्याच्या छातीत किती गेली याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

अलीकडे रंगकंपन्यांनी स्वतःच्या तालीमशाळा काढल्या आहेत, कौशल्य परिषदेने अभ्यासक्रम आखले आहेत, आणि पूर्वी ज्याला नुसता पेंटर म्हणत त्याला काही आठवड्यांच्या शिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळू लागले आहे. ही उपेक्षा उशिरा का होईना भरून निघत आहे, याबद्दल समाधान मानावे; परंतु गज्जरांनी घातलेली अट अद्याप पुरी झालेली नाही. माटुंगा आणि नागपूर येथील शास्त्र इंग्रजीत राहिले, हाताचे कसब बोलीत राहिले, आणि दोहोंमध्ये दुभाष्या म्हणून उभा राहणारा मधल्या दर्जाचा तंत्रज्ञ आपण पुरेशा संख्येने घडविला नाही. दुसरा हात देण्यापूर्वी चार तास का थांबावे, हे ज्याला स्वतःच्या भाषेत कारणासह सांगितले गेले आहे तो थांबतो. ज्याला केवळ हुकूम मिळाला आहे तो मुकादमाची पाठ वळताच ब्रश उचलतो. म्हणून या धंद्यातील पुढच्या शिक्षणाने पदवीधरांची संख्या वाढविण्यापूर्वी, जी कारणमीमांसा प्रयोगशाळेत सत्तर-ऐंशी वर्षे जमा झाली आहे, ती मराठीत, हिंदीत, कानडीत उतरवून परांचीपर्यंत नेणे, हे आपले पहिले काम मानले पाहिजे.