दीड व्होल्टची गोष्ट

परवा एका मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. डेस्कटॉप नुसता चालू करून ठेवलाय, काम काही नाही, आणि व्होल्टेजच्या रकान्यात १.४५! खाली प्रश्न: "हे सेफ आहे का रे? की जळणार?" सॉफ्टवेअरवाल्याला हार्डवेअरचंही कळतं असा लोकांचा गोड गैरसमज असतो. (सोसायटीतले लोक तर वायफायही दुरुस्त करायला बोलावतात. असो.) पण उत्तर एका ओळीत देता येईना. कारण प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे हे कोणी ठरवायचं, तेच गेल्या तीस वर्षांत दोन-तीनदा बदललंय.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. ८०८६ पासून सुरुवातीच्या ४८६ पर्यंत सगळं पाच व्होल्टवर. १९९३ चा पहिला पेंटियमही पाचवरच चालायचा, आणि चांगलाच तापायचा. पुढच्याच वर्षी ३.३ व्होल्टचा पेंटियम आला. १९९७ च्या पेंटियम एमएमएक्सने तर घोळच घातला: आतल्या गाभ्याला २.८ आणि बाहेरच्या तारांना ३.३. म्हणजे एकाच सॉकेटमध्ये बसणारे, पण वेगवेगळे व्होल्टेज लागणारे प्रोसेसर! मग मदरबोर्डवर जम्पर असायचे. नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी, मॅन्युअलमधला तक्ता बघून योग्य पिनांवर बसवायची. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेल्या पीसीत ती टोपी बसवणारा माणूस हीच काय ती सेफ्टी सिस्टिम.

व्होल्टेज उतरत का गेलं? आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलं होतं: ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर कोंबूनही वीज तितकीच लागेल. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. पाचाचे सव्वा व्होल्ट केले की त्या हिशोबात खप सोळावा हिस्सा. पण याची दुसरी बाजूही आहे. ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेटरचा थरही पातळ होत जातो, म्हणून कालच्या चिपला पचणारं व्होल्टेज आजच्या चिपला पचेलच असं नाही. "अमुक व्होल्ट सेफ" असा एकच आकडा कधीच नव्हता तो यामुळे.

जम्परची कटकट संपवली ती व्हीआयडीने. पेंटियम प्रो (१९९५) आणि पेंटियम टू (१९९७) यांच्या काही पिना मदरबोर्डला सांगायच्या, "मला इतके व्होल्ट दे." माणूस मधून गेला. पण गप्प बसेल तो माणूस कसला! १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ला लोकांनी ४५० मेगाहर्ट्झवर पळवलं, आणि दोन व्होल्ट कमी पडले की त्या पिनांवर चक्क चिकटपट्टी लावून जास्त मागायला लावलं. त्या चिपने बरंच सहन केलं. २००२ च्या नॉर्थवुड पेंटियम फोरने नाही केलं. त्याचं ठरलेलं व्होल्टेज दीडच्या आसपास; हौशी मंडळींनी १.७ च्या वर नेलं. मशीन मस्त चालायचं, आठवडे, महिने, आणि मग एके दिवशी ठप्प. याला नावही पडलं: सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम. खापर फुटलं इलेक्ट्रोमायग्रेशनवर, म्हणजे प्रवाहाच्या रेट्याने तारेतले धातूचे अणू हळूहळू वाहून जाणं. आज चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही, हे तेव्हा कळलं.

साधारण २००५ नंतर डेनार्डचं गणित अडलं. व्होल्टेज आणखी उतरवलं तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळायला लागते. मग एकच आकडा ठेवण्याऐवजी चिप कामाप्रमाणे क्षणाक्षणाला वेगळं व्होल्टेज मागू लागली. ठरवणारा आता मायक्रोकोड, म्हणजे आमच्याच जातीचं सॉफ्टवेअर. आणि सॉफ्टवेअर म्हटलं की बग आलाच.

एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी चिप अक्षरशः जळून फुगल्या. तिथे मेमरी कंट्रोलरच्या भागाला मदरबोर्डकडून जास्त व्होल्टेज मिळत होतं. एएमडीने मग त्याला १.३ ची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीची गोष्ट मला जास्त लागते. कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं की मायक्रोकोडच चुकीचं, जास्तीचं व्होल्टेज मागत होता. ऑगस्टच्या अपडेटने १.५५ च्या वरची मागणी बंद केली, सप्टेंबरमध्ये आणखी एक अपडेट आलं. वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. सेटिंगला हातही न लावणाऱ्यांच्या चिप झिजल्या, हे मला नॉर्थवुडपेक्षा वाईट वाटतं. तिथे निदान हौस तरी आपली होती.

तर मित्राला मी उलट विचारलं: मॉडेल कुठलं, आणि बायॉसची तारीख काय? निघालं रायझन ५०००. तिथे एखाद-दुसरा कोअर क्षणभर पळतो तेव्हा १.४५ दिसणं नेहमीचंच. वर गंमत म्हणजे, एएमडीने २०१९ मध्येच सांगितलं होतं की व्होल्टेज बघणारं सॉफ्टवेअरच सारखं कोअरला जागं करतं! सगळे कोअर पूर्ण लोडवर घालून बघ म्हटलं, तर आकडा १.२५ वर उतरला. झोप आता शांत.

त्याच्या भावाचं मशीन मात्र तेराव्या पिढीचं, बायॉस २०२३ चं. रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन तिकडेच जातोय.