सागाचे वर्ष, बाजाराचे वर्ष

हौसेने केलेल्या लाकडी वस्तू विकायला काढल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात एक अडचण लवकरच समोर येते, आणि ती कौशल्याची नसते. इथला बाजार श्रावणात जागा होतो. गणपतीचे चौरंग, नवरात्रातले पाट, दिवाळीआधीच्या ग्राहक पेठेतले देव्हारे आणि दारावरच्या नावाच्या पाट्या, अशी बरीचशी मागणी त्या दोन-तीन महिन्यांत येते. साहजिकच वस्तू घडते ती आषाढ-श्रावणात, खाडीकाठच्या हवेत सर्वांत जास्त ओल असताना. ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसते न बसते तोच हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि पौष-माघात फोन येतो की देव्हाऱ्याच्या पाठीला चीर गेली. कारागीर गोंदाला दोष देतो, गिऱ्हाईक कारागिराला. हौशी माणसाने काय करून विकावे, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा या ओलीच्या हिशेबातून अधिक नेमके मिळते, असे माझे म्हणणे आहे.

लाकूड हवेतली ओल घेते, सोडते आणि काही काळाने हवेशी समतोल साधते. तापमान 30 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल, तर लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 17 टक्क्यांवर स्थिरावते; आर्द्रता 50 टक्के असेल तर सुमारे 9 टक्क्यांवर. ताजा कापलेला साग पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के आणि लांबीत जवळपास नाहीच. हे आकसणे ओल 28 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होते. त्यामुळे ओलीच्या दर टक्क्यामागे पहिल्या दिशेत 0.2 टक्के धरायला हरकत नाही. पाटाची 250 मिलिमीटर रुंद फळी घेतली आणि ओल 8 टक्क्यांनी उतरली, तर फळी सुमारे 4 मिलिमीटर अरुंद होते. फळीच्या टोकाला वलये उभी दिसतील अशी ती कापलेली असेल, तर पावणेदोन मिलिमीटर. पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही. आणि साग हा इमारती लाकडांतला त्यातल्या त्यात शांत गडी.

चार मिलिमीटर ही आपत्ती नव्हे. आपत्ती ओढवते ती लाकडाला अडवल्यामुळे. गोल पोळपाट किंचित लंबगोल झाला तर पोळी लाटणारीला पत्ताही लागत नाही. चौरंगाच्या फळीला मात्र खालून आडव्या पट्ट्या गोंद लावून, स्क्रू आवळून पक्क्या केल्या, तर पट्टी लांबीत आकसत नाही, फळी रुंदीत आकसू पाहते आणि शेवटी फळीच फाटते. पट्टीतली स्क्रूची भोके लांबट ठेवावीत. देव्हाऱ्याची पाठ चौकटीच्या खाचेत गोंदाशिवाय, सैल बसवावी. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो. हौशी मंडळी प्लायवूडचे नाव काढले की नाक मुरडतात. मला तो निव्वळ सोवळेपणा वाटतो. रुंद पाठीला चांगले प्लाय आणि चौकटीला साग, ही जोडी प्रामाणिक आहे. गिऱ्हाइकाला ती सांगून विकली म्हणजे झाले.

दुसरा उपाय वेळापत्रकाचा. फळ्या जोडण्याचे काम माघ-फाल्गुनात करावे, पावसाळ्यात त्या फुगतील तेवढी खाच आधीच सोडावी आणि वस्तू घरातच एक पावसाळा पाहू द्यावी. जी बिघडायची ती आपल्याच डोळ्यांसमोर बिघडते. यात सहा-आठ महिने पैसा अडकतो, आणि दुकान चालवणाऱ्या सुताराला ते परवडत नाही. पगारावर घर चालवणाऱ्या हौशी माणसाला परवडते. बाजारात त्याच्याकडे असलेली खरी सवड हीच, आणि नेमकी तीच तो गणपतीच्या आधीच्या घाईत उधळून टाकतो.

लाकूड आणायचे कुठून? 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर इथल्या खाडीत आरमाराची गलबते बांधली जाऊ लागली, त्यामागे आसपासच्या रानातला साग होता. आजचा स्वस्त साग मात्र पुनर्विकासातून येतो. चाळी आणि जुने वाडे पाडले की तुळया, चौकटी, दारे विकायला निघतात. जुने लाकूड हलत नाही, ही समजूत अर्धीच खरी: ते अंगचे ताण सोडून बसलेले असते, पण हवेतली ओल नव्या लाकडासारखीच घेते. त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून रंध्याचे पाते लावण्याआधी लोहचुंबक फिरवावा. रंगाचा धोका त्याहून मोठा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगवलेल्या दाराला पॉलिशपेपर मारणे म्हणजे शिशाची धूळ घरात उडवणे होऊ शकते. असे दार भाजी चिरायच्या पाटासाठी अजिबात घेऊ नये.

पावसाळ्यात उन्मळलेल्या झाडांचा मोह अनेकांना होतो. शहरातल्या झाडांना 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. करवत काढण्याआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे विचारावे. शिवाय ओले लाकूड हवेवर सुकायला जाडीच्या दर इंचामागे ढोबळ मानाने वर्ष धरतात. गॅलरीत तेवढा धीर मावत नाही.

गॅलरी म्हटली की शेजारी आलाच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45. राउटर तिच्या कितीतरी वर ओरडतो, आणि लोकलने घरी पोचलेल्या माणसाला रिकामी वेळ मिळते ती नेमकी रात्रीच. त्यात लाकडाची धूळ: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. हातरंधा आणि पटाशी या दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर देतात. रंध्यातून पडतो तो ढलपा. तो झाडून गोळा करता येतो, फुप्फुसात जात नाही. सागात वाळूसारखी सिलिका असल्याने धार लवकर जाते, पाते वारंवार लावावे लागते. तो वेळ किमतीत धरायचा.

किमतीकडे वळू. शेजारच्या उल्हासनगरचा फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे. कपाट, पलंग, टीपॉय यांत त्याच्याशी स्पर्धा करणे हा हट्ट. म्हणून लहान वस्तू घेऊ: 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 1 इंच जाडीचा चिरायचा पाट. लाकूड 0.073 घनफूट, वाया जाणारे धरून दुप्पट. समजा घनफुटाला 3,000 रुपये पडले, तर लाकूड सुमारे 440 रुपयांचे. कापणे, रंधणे, जोडणे, घासणे, तेल लावणे यांत चार तास जातात असे धरू. कुशल सुताराची रोजची मजुरी 1,200 रुपये मानली, तर 600 रुपये. गोंद, पॉलिशपेपर, तेल 100. झाले 1,140, आणि स्टॉलचे भाडे अजून बाहेरच. दहा पाट एकदम केले, तर मोजमाप आणि मांडामांड एकदाच होते, प्रत्येकी वेळ बराच उतरतो. मात्र दहावा पाट घासताना हौस शिल्लक राहत नाही. बलुतेदारीतल्या सुताराला सुगीला धान्य मिळे, नगाचा भाव त्याला मांडावाच लागत नसे. हौशी माणूस नकळत तसाच वागतो: मजुरी शून्य धरतो आणि 600 रुपयांना पाट देऊन टाकतो. त्यात त्याचे काही जात नाही, शेजारच्या गल्लीतल्या सुताराचे जाते. तासाची मजुरी लावून जी वस्तू खपत नाही, ती विकूच नये.

कराचे प्रकरण छोटे आहे. वस्तूंच्या विक्रीत वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याला पूर्वी ही सूट नव्हती. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना ती मिळाली.

खेळण्यांचे तसे नाही. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि हाताने केली म्हणून कोणी सुटत नाही. सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना. नोंदणी नसलेल्या डोंबिवलीकराने बाळाच्या नावाची पाटी खुशाल विकावी. चाकांची आगगाडी भाच्याला भेट द्यावी.