१३५७ फसली

माझ्याकडे लोक डबे घेऊन येतात. पत्र्याचे, गंजलेले, झाकण दगडाने ठोकून उघडावं लागतं असे. आत आजोबा-पणजोबांचे कागद असतात आणि कागदावर उर्दू. मी निवृत्त शाळामास्तर. उर्दू मला वडिलांनी शिकवलं, कारण त्यांचं शिक्षण त्याच भाषेतून झालं होतं. निजामाच्या राज्यात वर शिकायचं तर दुसरी फारशी वाट नव्हती. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं. वडील मराठीत बोलायचे, मराठीत भांडायचे, पण पाढे मरेपर्यंत उर्दूत म्हणायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या दारापुढे चपला मावेनाशा झाल्या.

कागद हाती आला की मी आधी मजकूर वाचत नाही, साल बघतो. साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन निघतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी इराणी. मग मी रक्कम बघतो. ती हाली सिक्क्यात असते, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयात. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. सोलापूरच्या बाजाराला निघालेल्या माणसाला वाटेत करोडगिरीचा नाका लागे, जकात भरावी लागे, आणि पुढे गेल्यावर खिशातले पैसेही बदलून घ्यावे लागत. पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. त्यांना वाटतं गुरुजी परदेशाची गोष्ट सांगताहेत. तसं ते चूकही नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देशात झेंडे लागले तेव्हा आमच्याकडे १३५६ फसली संपत आलं होतं. निजाम उस्मान अली खान यांनी जूनमध्येच जाहीर केलं होतं की आपण ना भारतात जाणार, ना पाकिस्तानात. त्यामुळे त्या दिवशी मराठवाड्यात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. हे स्वामी मूळचे आमच्यासारखेच मास्तर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, त्यांनी वर्षानुवर्षं मुलं शिकवली. (मास्तरांचा हा मान मी थोडा मुद्दाम सांगतो आहे, ते कबूल करतो.)

आमच्या घरच्या डब्यात आजोबांचा एक अर्ज आहे. गावात सभा घ्यायची आहे, परवानगी मिळावी, एवढंच त्यात आहे. कोण बोलणार, काय बोलणार, किती वाजता संपणार, सगळं लिहिलेलं. अर्जामागे ‘गश्ती निशान ५३’ होतं. गश्ती म्हणजे परिपत्रक. सरकारला आधी कळवून मंजुरी घेतल्याशिवाय सार्वजनिक सभा भरवायची नाही, असा त्याचा हुकूम. गावात त्याला ‘तिरपन्न’ एवढंच म्हणत. खाजगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही असेच हुकूम होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तर १९३८ साली स्टेट काँग्रेसवर स्थापना होण्याआधीच बंदी आली. जन्मायच्या आधी बंदी! त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजांतून काढून टाकलं. आजोबांच्या अर्जावर कोपऱ्यात लाल शाईत एकच शब्द आहे: नामंजूर. लहानपणी मी स्वातंत्र्य म्हणजे काय असं विचारलं की वडील हा कागद काढून दाखवायचे. माझा निबंध त्यामुळे कधी धड झाला नाही; शाळेत सगळे टिळक आणि गांधी लिहायचे, मी अर्जाबद्दल लिहायचो.

ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांबद्दल आमच्याकडे एकच शब्द आहे, रझाकारी. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक; त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा. लुटालूट, जाळपोळ, लढ्यासाठी सरहद्दीवरच्या उमरखेडसारख्या कॅम्पांत गेलेली तरुण पोरं, हे पुष्कळांनी लिहिलं आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. १३५७ फसली तेव्हा संपायला आलं होतं.

इथे बहुतेकांचं सतरा सप्टेंबरचं भाषण थांबतं. माझं थांबत नाही, आणि यावरून झेंडावंदनानंतर चहाच्या टेबलावर माझं एक-दोघांशी वाजलेलंही आहे. भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्याचा खून झाला तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता आणि उर्दूतच लिहीत होता. आणि पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे त्या फौजा शिरल्यानंतर, जे झालं तेही आपलंच आहे. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मुसलमानांच्या हत्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचं नाव आहे. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. वडिलांना उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब त्या सप्टेंबरात गाव सोडून गेले ते परत आले नाहीत. सतरा सप्टेंबरला वडील झेंड्याला सलाम करून घरी यायचे आणि त्या दिवशी फारसं बोलायचे नाहीत.

कागद मात्र एका दिवसात बदलले नाहीत. १९४८ नंतरच्या पावत्यांवरही उर्दू आहे, हाली आहे. निजाम स्वतः राजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो तेव्हा कुठे डब्यातले कागद हळूहळू मराठी होऊ लागतात. पेशकार आणि गिरदावर हे शब्द तर तहसिलीत अजून ऐकू येतात.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर रद्दीत घालू नका. लॅमिनेशनही करू नका, शाई खराब होते. जमिनीची नोंद सापडली की बाकीचे कागद इथेच टाकून जाऊ नका. त्यांत एखादा अर्ज असतो. हे अक्षर वाचणारे आमच्या तालुक्यात आता आम्ही दोघेच उरलो आहोत आणि दुसरे गृहस्थ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत. सकाळी दहानंतर मी घरीच असतो.