कर्जातून निघालेली सीमा : वऱ्हाड, मोगलाई आणि मंठ्याचा मुलूख

जालना जिल्ह्यातील मंठ्याहून उत्तरेस लोणारकडे जाणारा प्रवासी वाटेत एक जुनी सीमा ओलांडतो, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. आज ती दोन जिल्ह्यांची व दोन महसुली विभागांची हद्द आहे. १८५३ ते १९४८ या काळात मात्र तिच्या अलीकडे हैदराबाद संस्थान व पलीकडे इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाड होते. वऱ्हाडातील लोक अलीकडच्या मुलखास 'मोगलाई' म्हणत, आणि जुन्या पिढीच्या तोंडी हा शब्द संस्थान गेल्यानंतरही राहिला. एकाच भाषेच्या समाजातून गेलेली राजकीय सीमा त्या समाजाच्या आत्मभानाचे काय करते, हा प्रश्न या रेषेच्या आधारे तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, ही रेषा प्राचीन नव्हे. 'ऐन-इ-अकबरी'त वर्णिलेल्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी व माहूर ही सरकारेही येतात. म्हणजे ज्यास आपण आज मराठवाडा म्हणतो त्याचा मोठा तुकडा तेव्हाच्या वऱ्हाडातच मोडत होता. पुढे वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल चालला. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटला व निजामाकडे गेला. यानंतरची सुमारे ५० वर्षे मंठा व लोणार एकाच धन्याच्या मुलखात होते.

१८५३ च्या तहाने ही स्थिती पालटली. कंपनीने निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या 'हैदराबाद कंटिन्जंट' फौजेचा पगार थकला होता. त्या थकबाकीपोटी व पुढील खर्चाच्या हमीसाठी डलहौसीने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे प्रांत आपल्या कारभाराखाली घेतले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. धाराशिवच्या रयतेने सात वर्षांत दोनदा अंमल बदललेला पाहिला. तिच्या इच्छेची विचारणा दोन्ही वेळा झाली नाही. तहाच्या कलमांत हिशेब आहे, भाषा नाही. १९०२ मध्ये कर्झनने २५ लाख रुपये वार्षिक खंडाने वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, आणि पुढील वर्षी तो मध्य प्रांतास जोडला गेला. निजामाचे सार्वभौमत्व कागदावर तरीही शाबूत होते.

कागदावरील ही रेषा लोकांच्या नित्य व्यवहारात कशी उतरली? संस्थानच्या बाजूस हाली शिक्का चाले व ७ हाली रुपयांस ६ इंग्रजी रुपये असा साधारण भाव असे. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते. वऱ्हाडात न्यायालयाचे कामकाज मराठीत चाले. हैदराबादेत १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू आली, आणि मंठ्याच्या कुळास आपल्याच जमिनीचा दावा परक्या भाषेत चालताना ऐकावा लागे. जहागिरी तर १९४९ पर्यंत टिकल्या. जिजाबाईंचे माहेर सिंदखेड इंग्रजी वऱ्हाडात व भोसल्यांचे वेरूळ मोगलाईत, अशी विचित्र वाटणी या रेषेने केली. परंतु देवदर्शन आणि सोयरीक यांना करोडगिरी नव्हती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. सीमा एका भाषेच्या लोकांना विभागीत असली, तरी ती पुसावी असे पलीकडच्यांना वाटत नव्हते. वऱ्हाड परत मिळावा ही निजामाची मागणी लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये फेटाळली. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांचाही तीस विरोध होता. मराठी शेजाऱ्याशी एकत्र येणे म्हणजे निजामाच्या अंमलाखाली जाणे, हा सौदा त्यांस नको होता. अलीकडे आत्मभानाची भाषा वेगळी घडत होती. १९३७ मध्ये मंठ्याजवळच्या परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. संस्थानात राहूनच हक्क मागणाऱ्या या संस्थेने आपल्या नावात 'महाराष्ट्र' शब्द धारण करावा, यात पुढील सर्व इतिहासाचे बीज दिसते.

आयर्लंडशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९२० च्या कायद्याने तेथे सहा परगणे वेगळे काढले. १९२१ च्या तहाच्या १२ व्या कलमात रहिवाशांच्या इच्छेनुसार, पण आर्थिक व भौगोलिक परिस्थितीस जुळेल अशा रीतीने, सीमा ठरविण्याचे वचन होते. १९२३ पासून सीमेवर जकात नाकी बसली. सीमा आयोगाचा निष्कर्ष १९२५ मध्ये वृत्तपत्रात फुटताच आयरिश सदस्य मॅकनील यांनी राजीनामा दिला. त्याच डिसेंबरात जुनीच सीमा कायम करण्याचा करार झाला आणि मोबदल्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जातील वाट्यापासून आयरिश फ्री स्टेट मुक्त झाले. कर्ज आणि सीमा यांचा हा संबंध १८६० च्या आपल्या तहाची आठवण करून देतो. आयोगाचा अहवाल १९६९ पर्यंत प्रसिद्धही झाला नाही. भेद मात्र मूलगामी आहे. आयर्लंडात रेषेच्या दोन बाजूंस राष्ट्रनिष्ठेविषयीच मतभेद होता, आणि धर्माने तो दृढ केला होता. मंठा व लोणार यांच्यामध्ये तसा मतभेद नव्हता. भिन्न होता तो कारभार.

म्हणून १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान कोसळल्यावर ही सीमा आपोआप विरघळली असे मानण्याचा मोह होतो. तो खरा नव्हे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात घालण्याची आणि विदर्भाचे स्वतंत्र राज्य करण्याची शिफारस केली. ती स्वीकारली असती तर डलहौसीची रेषा स्वतंत्र भारतात दोन राज्यांची सीमा झाली असती. १९५६ मध्ये संसदेने विदर्भासह विशाल द्विभाषिक पत्करले आणि हा प्रसंग टळला. तत्पूर्वी, १९५३ च्या नागपूर करारात, विदर्भ व मराठवाडा यांस निरनिराळे घटक मानूनच आश्वासने दिली गेली होती. संविधानाच्या ३७१ (२) कलमातही या दोहोंसाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद आली, आणि ती मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. अनुशेषाची मोजणी ज्या प्रादेशिक घटकांनुसार होत आली, त्यांतील विदर्भ आणि मराठवाडा यांची हद्द मुख्यतः त्या पगाराच्या थकबाकीने आखलेली आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मंठ्याचा मुलूख १९८१ मध्ये परभणी जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात आला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे खंडपीठ सुरू झाले. तेव्हापासून मंठ्याच्या पक्षकाराचे अपील तिकडे आणि लोणारच्या पक्षकाराचे नागपूरला जाते.