रामगढचे इमामसाहेब

हिंदी चित्रपटातला मुसलमान म्हटला की ठरावीक चेहरे डोळ्यांपुढे येतात. नवाब, कव्वाल, दिलदार पठाण आणि गावचा पांढऱ्या दाढीचा बुजुर्ग. यातल्या शेवटच्या चेहऱ्याला ज्यांनी कायमचे रूप दिले ते अवतार किशन हंगल, म्हणजेच ए. के. हंगल, काश्मिरी पंडित घराण्यातले होते. 'शोले'मध्ये (१९७५) ते रामगढचे अंध इमामसाहेब झाले आणि त्यांचा मुलगा अहमद झाले आपले सचिन पिळगावकर. पडद्यावरच्या या बापलेकांपैकी खऱ्या आयुष्यात मुसलमान कोणीच नव्हते. तरीही आम्हाला ते कधी परके वाटले नाहीत. याचे कारण अभिनयात आहे, तसेच हंगलसाहेबांच्या हयातीतही आहे.

त्यांचा जन्म १९१४ साली सियालकोटला झाला. ते वाढले पेशावरात. २३ एप्रिल १९३० रोजी तिथल्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालवल्या. त्या दिवशी चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या हिंदू शिपायांनी पठाणांवर बंदूक चालवायला नकार दिला. हंगल तेव्हा सोळा वर्षांचे होते. खान अब्दुल गफ्फार खानांच्या खुदाई खिदमतगारांचे ते शहर. शेजारधर्म ही तिथे पुस्तकात वाचायची गोष्ट नव्हती.

पोटासाठी त्यांनी शिवणकाम धरले आणि हौसेसाठी नाटक. पुढे कुटुंब कराचीला गेले. तिथे ते कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागले आणि शिंपी कामगारांची संघटना उभारण्यात पुढे राहिले. फाळणीनंतर नव्या पाकिस्तानात त्यांना तुरुंगवास घडला. सुटका झाल्यावर १९४९ साली ते मुंबईत आले. वय पस्तीस, हाताशी शिंप्याचा हुन्नर आणि मागे सुटलेला मुलूख, एवढीच त्यांची पुंजी.

मुंबईत त्यांना 'इप्टा' भेटली. १९४३ साली याच शहरात स्थापन झालेल्या या नाट्यसंघाशी बलराज साहनी, कैफी आझमी यांचे नाते होते, तसेच आपल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांचेही होते. दिवसा कपडे बेतायचे आणि संध्याकाळी तालमीला जायचे, अशी हंगलांची वर्षे गेली. 'तीसरी कसम'मध्ये (१९६६) लहानशी भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणून प्रेक्षकांनी त्यांना तरुण कधी पाहिलेच नाही. 'गुड्डी', 'बावर्ची', 'अभिमान', 'शौकीन' करत त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपट केले. 'नमक हराम'मध्ये (१९७३) ते कामगार पुढारी झाले. ती भूमिका त्यांना कोणाकडून शिकावी लागली नसेल.

एम. एस. सथ्यूंच्या 'गर्म हवा'तले त्यांचे काम आम्हाला याहून मोलाचे वाटते. आग्र्याचे सलीम मिर्झा हिंदुस्थान सोडत नाहीत, पण त्यांची हवेली हातातून जाते. ती ज्यांच्याकडे जाते ते सिंधी व्यापारी अजमानी म्हणजे हंगल. एकाचे घर इथे सुटते, दुसऱ्याचे तिकडे सुटलेले असते. मिर्झा झालेले बलराज साहनी रावळपिंडीचे आणि अजमानी झालेले हंगल कराचीहून आलेले. दोघांनाही वतन तुटण्याचे दुःख पाठ करावे लागले नाही. १९८८ साली दूरदर्शनवर 'तमस' दाखवली गेली, त्या फाळणीच्या कथेतही हंगल होते.

इमामसाहेबांबद्दल आपल्यातल्या काही मंडळींची एक तक्रार असते. चित्रपटातल्या मुसलमानाने चांगले ठरण्यासाठी दर वेळी मुलाचाच बळी का द्यावा? तक्रार रास्त आहे. जबलपूरच्या विडी कारखान्यात नोकरीला निघालेला अहमद मारला जातो आणि बाप गावासाठी आणखी मुलगे असते तर, असे म्हणतो. वफादारीची एवढी किंमत गावातल्या दुसऱ्या कोणाकडे मागितली जात नाही. हा दोष पटकथेचा आहे. हंगलांनी मात्र त्या म्हाताऱ्याला पुतळा होऊ दिले नाही. भोवती पसरलेल्या शांततेचे कारण तो विचारतो, तेव्हा त्या आवाजात आधी एका बापाची धास्ती ऐकू येते.

आणि हीच वफादारीची परीक्षा पुढे खुद्द हंगलांच्या वाट्याला आली. १९९३ साली त्यांनी जन्मभूमी पाहण्यासाठी पाकिस्तानचा व्हिसा मागितला आणि मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीतल्या पाकिस्तान दिनाच्या समारंभाला ते गेले. दंगलींच्या जखमा ताज्या होत्या. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यांच्यावर बहिष्कार पुकारला. त्यांचे पुतळे जाळले गेले, चित्रपटांतून त्यांची दृश्ये कापली गेली, हातची कामे गेली. सुमारे दोन वर्षे ते बेकार राहिले. ज्या माणसाने पाकिस्तानचा तुरुंग भोगला, त्याच्यावर पाकिस्तानप्रेमाचा ठपका आला. जन्मगावाची ओढ आणि देशाशी इमान या दोन गोष्टी एका काळजात सुखाने राहू शकतात, हे तेव्हा ऐकायला कोणाला सवड नव्हती. आमच्यापैकी ज्यांचे नातलग सीमेपलीकडे आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

नंतर त्यांना कामे मिळाली. 'लगान'मध्ये (२००१) ते शंभूकाका झाले, २००६ साली पद्मभूषण मिळाले, अखेरच्या काळात ते इप्टाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पैसा मात्र त्यांच्यापाशी टिकला नाही. २०११ साली औषधोपचाराचाही खर्च झेपेना, तेव्हा चित्रपटसृष्टीतल्या लोकांनी हात दिला. २०१२ साली 'मधुबाला' या मालिकेत ते चाकांच्या खुर्चीत बसून कॅमेऱ्यापुढे आले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मुंबईत त्यांचे निधन झाले.

आमच्या उर्दू शाळेतली मुले 'शोले'तल्या म्हाताऱ्याची नक्कल हुबेहूब करतात, पण त्याचे नाव त्यांना ठाऊक नसते. आम्ही ते फळ्यावर लिहितो आणि खाली सियालकोट, पेशावर, कराची, मुंबई अशी चार शहरे लिहितो. मग नकाशा काढून ती शहरे शोधायला सांगतो. आज त्यांतली तीन एका देशात आहेत आणि एक दुसऱ्या. मुले विचारतात, "मग सर, हे कुठले?" त्या प्रश्नावर आमचा इतिहासाचा तास सुरू होतो.